गृहकला : ठिगळाची प्रतिष्ठा

कापडाच्या पेढीवर वाढलेल्या मुलांना कापडाची पारख निराळी शिकवावी लागत नाही. तागा उलगडताना चिमटीत धरून पोत जोखणे, उजेडासमोर धरून विणीची दाटी पाहणे, किनारीवरून मालाचा दर्जा ओळखणे हे सारे पाहता पाहता अंगवळणी पडते. ज्या घरांचा कापडाच्या व्यापाराशी संबंध नाही तेथेही ‘वस्तू किती दिवस टिकेल’ हा प्रश्न किमतीच्या आधी विचारला जातो. अशा घरांत अलीकडे एक नवा पेच उभा राहिला आहे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा गुडघ्यावर ठिगळे लावलेली जीन्स, पाठीवर चित्र रंगवलेले जाकीट, खांद्यावरून ओघळणारी ढगळ हुडी मागतो. किंमत ऐकून वडील गप्प होतात आणि वस्तू पाहून आजी चकित होते. आजीच्या लेखी ज्या कपड्याला ठिगळ लागले तो बोहारणीच्या पाटीत जायचा आणि त्याच्या बदल्यात घरात पातेले यायचे. तसाच कपडा आता काचेच्या दुकानात हजारो रुपयांची चिठ्ठी लावून टांगलेला असतो.

या पेचातून सुटण्याच्या दोन वाटा सोप्या आहेत. मागेल ते विकत देणे ही एक, आणि ‘दुकानदाराच्या मुलाने फाटके घालायचे नाही’ असे म्हणून विषय मिटवणे ही दुसरी. तिसरी वाट मात्र माळ्यावरच्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्याकडे आणि घरातल्या शिवणयंत्राकडे जाते. ती वेळ मागते. पण तिच्यात मुलाची हौसही राहते आणि घराची शिस्तही.

हा पोशाख आला कोठून

या पोशाखाला ‘स्ट्रीटवेअर’ म्हणतात. ‘रस्त्यावरचा’ हे विशेषण मराठी कानाला हिणकस वाटते. पण या पोशाखाचा जन्म खरोखरच रस्त्यावर झाला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरील एका इमारतीत डीजे कूल हर्क याने वाजवलेल्या संगीतापासून हिप-हॉपचा आरंभ मानला जातो. त्या वस्तीतील मुलांच्या हाती पैसा नव्हता. आगगाडीच्या डब्यांवर रंगाच्या फवाऱ्याने आपली नावे लिहिणारी ही मुले डेनिमच्या जाकिटांच्या पाठीही रंगवू लागली. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, शॉन स्टुसी हा लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या बनवीत असे. त्या फळ्यांवर तो जी वळणदार सही करी, तीच १९८० नंतरच्या वर्षांत त्याने टी-शर्टांवर छापली आणि त्या सहीचा पुढे मोठा व्यापार झाला. दोन्ही ठिकाणी मूळ वस्तू साधीच होती. तिला वेगळे केले ते हाताने.

व्यापारी दृष्टीला त्याहून उद्बोधक वाटावे असे उदाहरण व्हर्जिल अॅब्लो याचे आहे. २०१२ मध्ये त्याने एका नामांकित कंपनीचे पडून राहिलेले चौकड्यांचे फ्लॅनेल शर्ट सुमारे ४० डॉलरना एक याप्रमाणे घेतले, त्यांच्या पाठीवर अक्षरे व आकडे छापले आणि ते ५५० डॉलरना विकले. याच अॅब्लोची २०१८ मध्ये लुई व्हिताँ या फ्रेंच पेढीच्या पुरुषी वस्त्रांच्या विभागाचा कलादिग्दर्शक म्हणून नेमणूक झाली. शर्टाचे कापड बदलले नव्हते, शिलाईही तीच होती. वाढलेली सारी किंमत पाठीवरच्या छापाची आणि त्यामागच्या कल्पनेची होती. दुकानात मुलगा जे मागत असतो त्यात कापडाचे मोल किती आणि छापाचे किती, हा हिशेब त्याच्याबरोबर बसून करण्यासारखा आहे.

या पोशाखाचा एक धागा मुंबईपर्यंतही पोचतो. जाड, राकट सुती कापडासाठी इंग्रजीत रूढ झालेला ‘डंगरी’ हा शब्द मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावाशी जोडला जातो. तेथे विकले जाणारे जाडेभरडे कापड सतराव्या शतकापासून इंग्रज व्यापाऱ्यांच्या परिचयाचे होते आणि पुढे खलाशांच्या व कामगारांच्या कपड्यांना त्याचेच नाव पडले. जीन्सला तांब्याच्या रिव्हेटांचे बळ मिळाले ते नंतर. नेव्हाडातील जेकब डेव्हिस या शिंप्याने खिशांच्या कोपऱ्यांवर रिव्हेट ठोकण्याची युक्ती काढली आणि कापडाचा व्यापारी लिव्हाय स्ट्रॉस याच्यासह २० मे १८७३ रोजी तिचे पेटंट मिळवले. शिंपी आणि कापडव्यापारी यांच्या भागीदारीतून हे वस्त्र घडले आणि ते फाटू नये हाच त्या भागीदारीचा हेतू होता.

फाटके दिसण्याची किंमत

फाटू नये म्हणून घडवलेले वस्त्र नवे असतानाच फाटके आणि विटके दिसावे, अशी मागणी पुढे जगभर वाढली. तो विटकेपणा आणण्याचा एक स्वस्त मार्ग म्हणजे दाबाच्या हवेने कापडावर वाळूचा मारा करणे. तुर्कस्तानातील लहानलहान बंदिस्त कारखान्यांत हे काम करणाऱ्या तरुण कामगारांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ साठत गेली. दगडखाणींत वर्षानुवर्षे राबणाऱ्यांना होणारा सिलिकोसिस हा रोग त्यांना काही वर्षांतच जडला. तो बरा होत नाही. अनेक तरुण दगावल्यावर तुर्कस्तानाने २००९ मध्ये डेनिमवर वाळू मारण्यास बंदी घातली. तरी इतर देशांत ही पद्धत चालूच राहिली.

घरात चार वर्षे वापरून मऊ पडलेल्या जीन्सचा विटकेपणा कोणाच्या श्वासातून वसूल झालेला नसतो. मुलाला ‘फाटके नको’ असे नुसते सांगण्यापेक्षा ही हकीकत सांगितली तर त्याला पटण्याचा संभव अधिक. मग विकतच्या फाटकेपणाऐवजी घरच्या जुनेपणाकडे तो वेगळ्या नजरेने पाहू लागतो.

पाण्याचा हिशेबही आहेच. एका सुती टी-शर्टासाठी कापूस पिकवण्यापासून सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज नेहमी दिला जातो. जो टी-शर्ट आणखी दोन वर्षे वापरला जातो, तो तेवढ्या काळापुरती नव्या टी-शर्टाची गरज टाळतो.

ठिगळ लावण्याची रीत

ठिगळ हे दारिद्र्याचे लक्षण मानले गेले, पण ते कौशल्याचेही लक्षण होते. महाराष्ट्रातील गोधडी, बंगालमधील कांथा, उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंद ही सारी जुन्या वस्त्रांची आणि धावदोऱ्याची लेकरे आहेत. जपानच्या थंड उत्तर भागात कापूस पिकत नसे. तेथील शेतकरी कुटुंबे सुती चिंध्यांचे थरावर थर जोडून कपडे पिढ्यान्‌पिढ्या वापरीत. अशा वस्त्रांना ‘बोरो’ आणि त्यांवरील धावदोऱ्याच्या कामाला ‘साशिको’ म्हणतात. एके काळी लाजेने लपवलेले हे कपडे आज संग्रहालयांत मांडले जातात. फॅशनच्या दुकानांतील ठिगळाच्या जीन्स याच कामाची नक्कल आहेत. ज्या घरात आजीला गोधडी शिवता येते, त्या घराला ही नक्कल विकत आणण्याची आवश्यकता नाही.

गुडघ्यावर फाटलेल्या जीन्सपासून आरंभ करणे बरे. पायाच्या नळीत हात घालून शिवणे जिकिरीचे असते. म्हणून आधी पायाची एक बाजू गुडघ्याच्या वर-खाली वीतभर उसवून घ्यावी. बहुतेक जीन्सची बाहेरच्या बाजूची शिवण साधी असते आणि आतल्या बाजूची दुमडून दुहेरी टीप घातलेली. साधी असेल तीच उसवावी, म्हणजे परत शिवणे सोपे जाते.

ठिगळाचे कापड आधी गरम पाण्यात धुऊन वाळवावे. कोरे कापड तसेच लावले तर पहिल्या धुण्यात ते आटते आणि भोवतीची जीन्स चुण्या पडून आक्रसते. ठिगळ छिद्रापेक्षा चारही बाजूंनी किमान ३ सेंटिमीटर मोठे असावे. छिद्राभोवतीचे कापडही विरलेले असते. टाके त्याच विरलेल्या भागात संपले तर काही दिवसांत नवे छिद्र पडते. ठिगळाचा उभा धागा जीन्सच्या उभ्या धाग्याशी जुळवावा. तिरके ठिगळ ताणले जाते आणि गुडघ्याला पोक येतो.

ठिगळ आतून ठेवून टाचण्यांनी किंवा कच्च्या टाक्यांनी पक्के करावे. मग जाड सुती दोऱ्याने धावदोऱ्याच्या ओळी घालाव्यात. टाके ४ ते ५ मिलिमीटरचे आणि ओळींमधील अंतर साधारण तेवढेच पुरते. ओळ संपवून वळताना दोऱ्याचा लहानसा सैल फास मागच्या बाजूला सोडावा. तो नसेल तर धुतल्यावर दोरा खेचला जाऊन कापड गोळा होते. प्रत्येक ओळीनंतर अंगठ्याने कापड सपाट करून घ्यावे. गडद निळ्यावर पांढरा दोरा उठून दिसतो. ज्यांना काम दिसू द्यायचे नाही त्यांनी निळाच दोरा घ्यावा. मजबुती दोन्हींत सारखीच.

यंत्रावर डेनिम शिवायचे असेल तर १६ नंबरची सुई लावावी. होजिअरीच्या कापडाला, म्हणजे टी-शर्ट आणि हुडीला, गोलसर टोकाची ‘बॉल पॉइंट’ सुई लागते. साधी अणकुचीदार सुई विणीतील धागा तोडते आणि टिपेच्या कडेने बारीक भोके पडत जातात. घरी शिवलेला टी-शर्ट लवकर फाटला अशी तक्रार असते, तिच्या मुळाशी बहुधा सुईच असते.

काही जीन्सच्या कमरपट्ट्यावर मागील बाजूस चामड्याची पट्टी असते. ज्या घरांत चामडे वर्ज्य आहे तेथे ती उसवून तिच्या जागी जुन्या सुती साडीच्या काठाचा तुकडा लावता येतो. ओळख पटवणारी ती पहिलीच खूण ठरते.

जाकिटाची पाठ, हुडीचा खिसा

जाकिटाची पाठ म्हणजे कोरी पाटीच. लहान झालेल्या टी-शर्टावरचे आवडते चित्र कापून तेथे लावायचे असेल तर कापण्याआधी चित्राच्या मागे इस्त्रीने फ्यूजिंग चिकटवावे. त्यामुळे होजिअरीचे ताणणे थांबते. छापील बाजूवर थेट इस्त्री फिरवू नये. छाप वितळून इस्त्रीला चिकटतो. मग चौकोन जाकिटावर बसवून कडेने दाट तिरकी टीप किंवा हाताने काजाचा टाका घालावा.

पेढीवर रंग दाखवण्यासाठी आलेले नमुन्यांचे तुकडे हंगाम संपला की पडून राहतात. त्या तुकड्यांची चौकड हुडीच्या पुढच्या खिशावर फार शोभते. बांधणीच्या जुन्या ओढणीचे अस्तर हुडीच्या टोपीला आतून लावले की टोपी मागे टाकल्यावर तेवढाच रंग दिसतो. मात्र जुन्या कापडाचा रंग सुटतो का हे आधी पाहावे. त्यासाठी तुकड्यावर ओले पांढरे फडके ठेवून इस्त्री दाबावी. फडक्यावर डाग उमटला तर ते कापड फिक्या कपड्याला लावू नये. आणि कपाटातील कोणतीही साडी वा ओढणी कापण्यापूर्वी जिची आहे तिला विचारावे. तिच्या आठवणीचे माप कापणाऱ्याला ठाऊक नसते.

चित्र रंगवायचे असेल तर कापडाचे रंग घ्यावेत. घरात साधे अॅक्रिलिक असतील तर त्यांत कापडासाठी मिळणारे माध्यम मिसळावे, नाहीतर वाळल्यावर रंग कडक होऊन तडकतो. चित्र पूर्ण एक दिवस वाळू द्यावे आणि मग उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवून पक्के करावे.

नुसता रंग बदलायचा असेल तर स्वयंपाकघरातील डाळिंबाची साल कामी येते. वाळलेली साल उकळून गाळलेल्या पाण्यात, आधी तुरटीच्या पाण्यातून काढलेला सुती टी-शर्ट मंद आचेवर तासभर ठेवला की पिवळसर रंग चढतो. त्याच रंगात गंजलेल्या खिळ्यांचे पाणी थोडे घातले तर छटा राखाडी-हिरवट होते. सुती कापड हा रंग घेते. पॉलिएस्टरवर तो बसत नाही, म्हणून गळ्याजवळची पट्टी आधी वाचावी. रंगकामाचे भांडे वेगळे ठेवावे. ते पुन्हा अन्नासाठी वापरू नये.

मुलांचा ओढा मात्र ब्लीचकडे अधिक असतो, कारण त्याचा परिणाम डोळ्यांदेखत दिसतो. येथे सावधगिरी आवश्यक आहे. ब्लीच सुती धागाही कमजोर करते, आणि ताणणाऱ्या कापडातील स्पॅन्डेक्सची तर पार हानी करते. ‘परिणाम थांबवण्यासाठी व्हिनेगर घाला’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो धोकादायक आहे. ब्लीच आणि कोणतेही आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. कपडा भरपूर पाण्यात खळबळून मग सोडियम थायोसल्फेटच्या, म्हणजे छायाचित्रकारांच्या ‘हायपो’च्या, द्रावणात बुडवणे हा योग्य उपाय आहे. हातमोजे, उघडी खिडकी आणि शेजारी एक मोठे माणूस, या तीन गोष्टींशिवाय ब्लीचची बाटली उघडू देऊ नये.

दुसऱ्याचे नाव

हाताला सवय झाली की एक मोह होतो. परदेशी पेढीचे बोधचिन्ह हुबेहूब रंगवावे, मित्रांना द्यावे, पुढे विकावे. येथे व्यापारी घराने थांबून विचार करायला हवा.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १२५ व्या रस्त्यावर डॅनियल डे ऊर्फ डॅपर डॅन याने १९८२ मध्ये दुकान थाटले. महागड्या युरोपीय पेढ्यांची चिन्हे स्वतः छापून तो गायकांना आणि मुष्टियोद्ध्यांना असे कपडे शिवून देई, जे त्या पेढ्यांनी स्वतः कधी कल्पिलेही नव्हते. पेढ्यांच्या वकिलांनी धाडी घातल्या आणि १९९२ मध्ये दुकान बंद पडले. पंचवीस वर्षांनी, २०१७ मध्ये, गुच्ची या इटालियन पेढीने त्याच्याच एका जुन्या जाकिटासारखे जाकीट आपल्या प्रदर्शनात मांडले. लोकांनी टीकेची झोड उठवली, तेव्हा पेढीने त्याच्याशी सहकार्य केले आणि २०१८ मध्ये हार्लेममध्ये त्याचे शिवणघर पुन्हा उघडले.

या कथेत डॅनच्या हातातील कलेबद्दल कोणालाच शंका नव्हती. दुकान बुडाले ते कपड्यावरील नावामुळे. भारतातही १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार दुसऱ्याचे नोंदणीकृत चिन्ह खोटेपणाने मालावर लावून विकणे हा तुरुंगवासास पात्र गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याच्या आजोबांनी दुकानाच्या पाटीवरील नाव जपण्यात आयुष्य घालवले, त्या मुलाला दुसऱ्याच्या नावाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागू नये. त्याने स्वतःचे अक्षर, स्वतःची खूण शोधावी. शॉन स्टुसीने तरी स्वतःची सहीच छापली होती.

मित्रांकडून मागणी आली आणि विकायचे ठरले, तर मुलाने वही घालावी. जुना कपडा, दोरा, रंग, फ्यूजिंग यांचा खर्च एका बाजूला आणि लागलेले तास दुसऱ्या बाजूला. पहिल्याच जाकिटाला किती तास गेले हे मांडले की दोन गोष्टी एकदम ध्यानात येतात: हाताच्या कामाला रास्त दाम मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही, आणि बाजारात नक्षीदार जाकीट अगदी स्वस्त मिळते तेव्हा कोणाच्या तरी तासांचे पैसे दिले गेलेले नसतात. पेढीवर बसण्याआधी हा धडा मिळाला तर तो वाया जात नाही.

सुरुवात एकाच कपड्याने करावी, आणि तो शक्यतो असा असावा की बिघडला तरी चुटपुट लागणार नाही. पहिल्या ठिगळाच्या ओळी वाकड्या येतात. त्या उसवून नीट करून देण्याचा मोह घरातील मोठ्यांना होतो, तो आवरावा. आजीने शेजारी बसावे, दोरा किती सैल सोडायचा ते एकदा दाखवावे आणि सुई मुलाच्याच हाती राहू द्यावी. पूर्ण झालेला कपडा पहिल्यांदा उलटा करून थंड पाण्यात हाताने धुवावा आणि सावलीत वाळवावा. ज्याने तो शिवला त्यानेच.